जागल्यावरचा आळ

१९८६ साली एम.एस्सी.च्या वर्गाला मी एक वाक्य लिहून दिले होते : पी-५३ हे कर्करोगास चालना देणारे जनुक होय. वाक्य माझ्या पदरचे नव्हते. त्या काळी बहुतेक सारे तसेच मानीत. तरी ते गेले माझ्या तोंडून, आणि ते खोटे होते. म्हणून ही हकीगत.

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनला अर्नोल्ड लेव्हिन, शिवाय अमेरिकेत व फ्रान्समध्ये आणखी काही संशोधक एकाच प्रथिनापाशी येऊन थडकले. माकडांत आढळणाऱ्या एका विषाणूने बिघडविलेल्या पेशींत, त्या विषाणूच्याच प्रथिनाला ते बिलगून बसलेले सापडले. वजन ५३ हजार डाल्टन भरले, म्हणून नाव पी-५३. (पुढे कळले की खरे वजन ४४ हजारांच्या आसपास आहे, पण नाव एकदा पडले की पडले!)

निरोगी पेशींत ते जेमतेम दिसे. कर्कपेशींत मात्र त्याची रेलचेल. चोरी झालेल्या घराच्या ओट्यावर दर वेळी गावचा जागल्याच आढळावा, तर पंचांनी दुसरे काय म्हणावे? १९८४ साली पुरावाही हाती आला. या जनुकाची प्रत ‘रास’ नावाच्या दुसऱ्या जनुकासोबत उंदरांच्या पेशींत सोडली, की पेशी कर्काच्या वाटेला लागत. खटला निकालात निघाला.

खोट होती ती मुद्देमालातच. प्रयोगात वापरलेल्या त्या प्रतीच मुळात बिघडलेल्या होत्या. १९८९ साली बाल्टिमोरला बर्ट व्होगेलस्टाइन व त्यांचे सहकारी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी तपासत होते. सतराव्या गुणसूत्रावरील या जनुकाची एक प्रत नाहीशी झालेली आणि उरलेली दुसरी बिघडलेली, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने निर्दोष प्रत पेशींत घालून पाहिली, तो पेशींचे बिघडणेच आटोक्यात आले. जागल्याला निर्दोष ठरावयास दहा वर्षे लागली.

मग कर्कपेशींत त्याची एवढी रास का? निरोगी पेशीत हे प्रथिन सतत तयार होते आणि मिनिटांच्या हिशेबाने नष्टही होते. त्याला नष्ट करविणारे एमडीएम-२ हे प्रथिन खुद्द पी-५३च्याच हुकमाने निपजते. बिघडलेल्या पी-५३ला असा हुकूम धड देता येत नाही. म्हणून ते पुष्कळदा साचत जाते. आम्ही त्या साठ्यालाच त्याचे सामर्थ्य समजलो होतो.

पण निर्दोष पी-५३च्या बाबतीत प्रमाणाला खरोखरच मोल आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅरोल प्राइव्हज आणि शिनबिन चेन यांनी पी-५३ मुळीच नसलेल्या कर्कपेशी घेऊन त्यांत ते मोजूनमापून तयार करविले. १९९६ साली त्यांनी दाखविले की प्रमाण थोडे असता पेशी विभाजन थांबवून स्वस्थ बसते. प्रमाण चढले की ती स्वतःचा अंत करून घेते. डीएनएला झालेली इजाही यात हात घालते, हा भाग वेगळा. तरी एकाच प्रथिनाने कधी थांबवावे आणि कधी मारावे, ते बऱ्याच अंशी त्याच्या मापावर ठरावे, हे वाचून मी थक्क झालो होतो.

मग वाटेल, जास्त असलेले काय वाईट? २००२ साली ह्यूस्टनला लॉरेन्स डोनेहोवर यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांत पी-५३ प्रमाणाबाहेर जागरूक होते. त्यांना गाठी क्वचितच झाल्या. पण हाडे लवकर ठिसूळ झाली, पाठीला पोक आले, आणि आयुष्य ११८ आठवड्यांवरून ९६ वर आले. त्याच वर्षी माद्रिदच्या मान्युएल सेरानो यांनी उंदरांना एक जादा प्रत दिली, मात्र तिच्यावरील नेहमीचा लगाम कायम ठेवून. ते उंदीर कर्करोगापासून अधिक सुरक्षित राहिले आणि अकाली म्हातारेही झाले नाहीत.

१९९० साली नव्या तुकडीपुढे मी ते जुने वाक्य फळ्यावर लिहिले आणि पुसले. आधीच्या तुकडीच्या वह्या मात्र तोवर गावोगाव गेल्या होत्या.