पित्ताच्या गोळीची संगत

सिमेटिडीन हे औषध 1976 साली ब्रिटनच्या बाजारात आलं आणि अल्सरच्या रुग्णांचं नशीब पालटलं. तोवर दूध, पथ्यपाणी, मॅग्नेशियासारखी आम्लशामकं आणि काहीच लागू पडलं नाही तर शस्त्रक्रिया, एवढ्यावरच भागवावं लागे. जठराचा काही भाग काढायचा, किंवा आम्ल स्रवायला लावणारी व्हेगस नस कापायची! हे सगळं एका गोळीने टळू लागलं. त्यामागे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या वेल्विन गार्डन सिटीतल्या प्रयोगशाळेत जेम्स ब्लॅक यांनी 1964 साली सुरू केलेलं काम होतं. ब्लॅक यांना मिळालेल्या 1988 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा आहे.

शरीरातलं हिस्टॅमिन जठराला आम्ल स्रवण्याचा इशारा देतं. त्याला अडवायचं तर त्याच्यासारखाच दिसणारा रेणू हवा होता, म्हणून रसायनतज्ज्ञांनी हिस्टॅमिनमधलं पाच अणूंचं इमिडॅझोल कडं कायम ठेवलं. आधीच्या मेटिअमाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. तो दोष सिमेटिडीनमध्ये काढून टाकला. कडं मात्र राहिलं.

घात त्याच कड्याने केला. यकृतात सायटोक्रोम पी-450 नावाची विकरं असतात. अनेक औषधांचा निचरा तीच करतात, आणि त्यांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. कड्यातला नायट्रोजन त्या लोहाला चिकटतो आणि विकराचं काम मंदावतं. मग रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन नेहमीच्याच मात्रेत घेतलं तरी अंगात साचत जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. 1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा परिणाम नोंदवला गेला. दम्यावरचं थिओफिलीन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन यांचीही तीच गत. थिओफिलीन वाढलं की उलट्या, धडधड, प्रसंगी झटके. तेव्हा दम्याच्या रुग्णाला आलेल्या झटक्यांचं मूळ पोटाच्या गोळीत शोधावं, हे डॉक्टरांना नव्याने शिकावं लागलं.

ग्लॅक्सोच्या रॅनिटिडीनने 1981 साली बाजी मारली. त्यात इमिडॅझोलऐवजी फ्युरानचं कडं होतं, त्यामुळे यकृतावरची पकड खूपच सैल झाली.

प्रश्न तिथेच मिटला असता तर बरं झालं असतं. 1988 साली स्वीडनच्या अॅस्ट्रा कंपनीचं ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं नवं औषध आलं. ते सीवायपी-2सी19 या विकराला अडवतं, आणि हृदयरुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलला गुणकारी व्हायला नेमकं हेच विकर लागतं. म्हणजे इथे दुसरं औषध साचत नाही, दुबळं पडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 साली ही जोडी टाळण्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात हृदयविकाराचे झटके त्यामुळे किती वाढतात यावर तज्ज्ञांत वाद झाला. इशारा मात्र कायम आहे. त्याच गटातल्या पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी.

आणि यकृताचा संबंध नसतानाही गडबड होते. बुरशीवरचं केटोकोनॅझोल विरघळायला आम्लच लागतं. ते कमी झालं की औषध रक्तात नीट पोचत नाही. साध्या पातळ अँटासिडमधलं अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला पोटातच बांधून ठेवतं. थायरॉइडच्या गोळीचं शोषणही त्याने घटतं.

आपल्याकडे पित्ताची गोळी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणली जाते आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय चालू आहे?’ विचारलं तर तिचं नावही निघत नाही. ते आवर्जून सांगा, अँटासिडच्या बाटलीसकट. आणि चालू असलेलं कोणतंही औषध त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.