आभासी डिस्क ड्राइव्ह

आभासी डिस्क ड्राइव्ह (किंवा व्हर्च्युअल ड्राइव्ह) म्हणजे संगणकात प्रत्यक्ष नसलेला, परंतु कार्यप्रणालीला खराखुरा भासणारा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह होय. तो केवळ सॉफ्टवेअरने घडवलेला असतो आणि तबकडीऐवजी तिची फाइलरूप प्रतिमा वाचतो. लॅपटॉपमधून तबकडीचा ड्राइव्ह नाहीसा झाल्यावर पूर्वी विकत घेतलेले संगणक-खेळ चालवण्याचा हा प्रमुख मार्ग ठरला. मात्र हा ड्राइव्ह तबकडीची जागा घेतो, तबकडीवरील कुलपाची किल्ली देत नाही. हा फरक लक्षात न आल्याने पुष्कळांची निराशा होते.

पार्श्वभूमी

१.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीनंतर सुमारे ६५० मेगाबाइट क्षमतेची सीडी आली आणि खेळांत ध्वनी, चित्रफिती व विस्तीर्ण दृश्ये यांची रेलचेल झाली. ‘रिव्हन’ (१९९७) आणि ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) हे खेळ प्रत्येकी पाच तबकड्यांवर आले. ‘रिव्हन’मध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना तबकडी बदलावी लागे. खेळ हार्ड डिस्कवर पूर्णपणे बसवला असला तरी मालकीचा पुरावा म्हणून तबकडी ड्राइव्हमध्ये असावी, अशी अटही बहुतेक प्रकाशक घालत. पुढे २००८ मध्ये अ‍ॅपलने ‘मॅकबुक एअर’ हा तबकडीच्या ड्राइव्हविना लॅपटॉप आणला आणि त्यानंतरच्या दशकात इतर उत्पादकांनीही तोच मार्ग धरला. तबकडी कपाटात राहिली. ती घालायला जागा उरली नाही.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचे पहिले दशक हेच सीडी-डीव्हीडीच्या भरभराटीचेही दशक होते. शेकडो मेगाबाइटचा खेळ तेव्हाच्या मंद आंतरजालावरून उतरवणे व्यवहार्य नसल्यामुळे तिरोडा, आमगाव, देवरी यांसारख्या तालुक्याच्या गावांसाठी तबकडी हेच स्वाभाविक साधन होते. ‘डिजिट’सारख्या मासिकांसोबत मिळणाऱ्या तबकड्यांवर खेळांचे नमुना-भागही असत. भातशेतीच्या या पावसाळी मुलखात तबकडी जपणे सोपे नाही. ओरखडे आणि धूळ हे नित्याचे शत्रू. पण बेलीझ या उष्ण व दमट देशात सीडीच्या थरांवर वाढणारी बुरशीही २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी नोंदवली आहे. तबकडी वाचता येत आहे तोवर तिची प्रतिमा करून ठेवावी, हे सांगणे म्हणूनच अनाठायी नाही.

कार्यपद्धती

आभासी ड्राइव्हचे सॉफ्टवेअर कार्यप्रणालीत एक चालक-प्रणाली बसवते. ही प्रणाली ‘येथे एक ड्राइव्ह आहे’ असे कार्यप्रणालीला कळवते आणि खेळाने मागितलेला विदा प्रतिमेतून काढून देते. प्रतिमा अशा ड्राइव्हला जोडण्याच्या क्रियेस ‘माउंट करणे’ म्हणतात. सीडीचा मूळ वेग सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट. बावन्नपट वेगाचा ड्राइव्हदेखील आठ मेगाबाइटच्या आतच राहतो. हार्ड डिस्कवरील प्रतिमा याहून बरीच जलद वाचली जाते. शिवाय फिरणारी मोटार नसल्याने आवाज होत नाही आणि लॅपटॉपची बॅटरीही वाचते.

प्रतिमेचे सर्वपरिचित स्वरूप आयएसओ हे आहे. परंतु खेळांच्या बाबतीत ते नेहमी पुरेसे ठरत नाही. सीडीच्या प्रत्येक विभागात एकूण २३५२ बाइट असतात. त्यांतील विद्याचे २०४८ बाइट तेवढे आयएसओत घेतले जातात. श्राव्य गीतपट्टे तिच्यात मावतच नाहीत. १९९० च्या दशकातील अनेक खेळांचे संगीत मात्र अशाच गीतपट्ट्यांच्या रूपात असे. ‘क्वेक’ (१९९६) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा तबकडीची आयएसओ केल्यास खेळ सुरू होतो, पण संगीताविना. त्यासाठी बिन व क्यू ही फाइलींची जोडी वापरतात. बिनमध्ये मजकूर आणि क्यूमध्ये पट्ट्यांची मांडणी असते.

वापर

विंडोज ८ पासून (२०१२) आयएसओ माउंट करण्याची सोय विंडोजमध्येच आहे. फाइलवर दोनदा क्लिक केले की नवे ड्राइव्ह-अक्षर दिसते. बिन-क्यूसारख्या इतर स्वरूपांसाठी ‘डीमन टूल्स’, ‘विनसीडीईमू’ यांसारखी स्वतंत्र सॉफ्टवेअरे लागतात. ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपसाठी प्रतिमा बनवताना यूएसबीने जोडायचा बाह्य ड्राइव्ह किंवा एखाद्याचा जुना डेस्कटॉप कामी येतो. डीव्हीडीची प्रतिमा पेनड्राइव्हवर घेताना एक अडचण हमखास येते: पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यास त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि ‘जागा नाही’ असा चुकीचा समज होतो. अशा वेळी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धत निवडावी.

बसवतानाचे ड्राइव्ह-अक्षर अनेक जुने खेळ लक्षात ठेवतात, म्हणून पुढेही प्रतिमा त्याच अक्षरावर जोडणे हिताचे असते. काही खेळ तरीही सुरू होत नाहीत. त्यांची बसवणूक-फाइल सोळा-बिटी असते आणि चौसष्ट-बिटी विंडोज ती चालवत नाही. दोष ड्राइव्हचा नव्हे. डॉसच्या काळातील खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ वापरतात. प्रतिमा जोडण्याची सोय त्यात अंगभूतच आहे.

नक्कल-प्रतिबंध

सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स या प्रणाली तबकडी अस्सल आहे की नाही हे तपासत असत. प्रतिमेत सहजी न उतरणाऱ्या खुणा तबकडीवर असत. काही खेळ तर संगणकात आभासी ड्राइव्ह बसवलेला दिसला की चालण्यास नकार देत, मग खेळाडूपाशी अस्सल तबकडी असली तरीही. सेफडिस्कची चालक-प्रणाली सुरक्षेच्या दृष्टीने सदोष ठरल्याने मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तिला आधार दिला नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अद्यतनाने विंडोजच्या आधीच्या आवृत्त्यांतही ती बंद केली. परिणामी पैसे मोजून घेतलेली, ओरखडाही नसलेली तबकडी अस्सल ड्राइव्हमध्ये घालूनही चालेनाशी झाली. प्रामाणिक ग्राहकाला याचा फटका सर्वाधिक बसला.

कायदेशीर स्थिती

भारतात आभासी ड्राइव्ह वापरणे बेकायदेशीर नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणक-प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास हानी वा नाशापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. मित्राकडून आणलेल्या तबकडीची प्रतिमा करून ठेवणे या सवलतीत बसत नाही. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरल्यास कलम ६३ब नुसार कारावासाची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक तंत्र भेदण्यास दंडनीय ठरवते, परंतु त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या प्रतिमांत धोका वेगळाच: आयएसओच्या आत घातक फाइली दडवून पाठवण्याची युक्ती गुन्हेगार सर्रास वापरतात.

जुन्या खेळांच्या नव्या, कुलूपविरहित आवृत्त्या ‘जीओजी’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या दुकानात विकत मिळतात. तेथे उपलब्ध असलेल्या खेळासाठी तबकडी, प्रतिमा व आभासी ड्राइव्ह यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. अर्थात खेळाचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.