पटाआडचा पंच

भूमिका घेऊन खेळावयाच्या मेजावरील खेळात जो गेम मास्टर होऊन बसतो, त्याला आजकाल उपदेशाची वाण नाही. कथा कशी रंगवावी, राक्षसाचा आवाज कसा काढावा, रुसलेल्या गड्याची समजूत कशी घालावी, याविषयी हवे तितके मार्गदर्शन उपलब्ध आहे. परंतु या पदाची वंशावळ तपासू गेल्यास मुळाशी कथेकरी सापडत नाही. सापडतो तो मुन्सफ, आणि तोही प्रशियाच्या लष्करातला.

1812 साली ब्रेस्लाऊच्या फोन राइसवित्झ नामक मुलकी अधिकाऱ्याने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला युद्धक्रीडेचे एक मेज नजर केले. त्यावरील भूप्रदेशाचे चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत. राजवाड्याच्या करमणुकीपलीकडे त्याची मजल फारशी गेली नाही. या खेळाला शास्त्राचे रूप दिले ते राइसवित्झच्या मुलाने, तोफखान्यातील एका लेफ्टनंटाने, 1824 साली. तत्पूर्वीचे युद्धाचे खेळ म्हणजे बहुधा बुद्धिबळाचाच विस्तार असे: दोन्ही सैन्ये उघड्या पटावर, आणि शत्रूचे प्यादे कोठे आहे हे उभयतांस ठाऊक. धाकट्या राइसवित्झने 1:8000 प्रमाणाचा नकाशा घेतला आणि दोन पक्षांच्या मध्ये तिसरा मनुष्य बसवला.

या तिसऱ्याचा कारभार जवळून पाहण्याजोगा आहे. तांबड्या पक्षाचा सेनापती कागदावर हुकूम लिहून देई की, घोडदळाने टेकडीला वळसा घालून पूल गाठावा. एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे, या हिशेबाने पंच शिशाचा ठोकळा सरकवी आणि चकमक झडल्यास फासा टाकून कोष्टकावरून हानी ठरवी; परंतु टेकडीआड निळ्यांचे पायदळ दबा धरून बसलेले असले, तरी ते घोडेस्वारांच्या दृष्टीच्या टप्प्यात येईपर्यंत त्याचा ठोकळा नकाशावर येत नसे. हुकूमही लिहिताक्षणी अमलात येत नसे. जासुदाला वाटेत जितका वेळ लागावा, तितका तो पंचाच्या हाती अडकून राही. जनरल स्टाफचा प्रमुख म्यूफलिंग हा खेळ पाहावयास आला तो काहीशा अनिच्छेनेच. पण पाहता पाहता असा पालटला की साऱ्या सैन्याला त्याने याची शिफारस केली. कर्त्याला मात्र यश पचवू दिले गेले नाही म्हणावे की आणखी काही, 1827 साली त्याने आत्मघात केला.

पुढे नियमांची आणि कोष्टकांची दप्तरे इतकी फुगली की खेळाडू कंटाळले. तेव्हा 1876 साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके दूर सारून अनुभवी पंचाने आपल्या अकलेने निवाडा द्यावा, असे प्रतिपादन केले. गेम मास्टरला मिळालेल्या साऱ्या उपदेशांत मी हा सर्वांत मोलाचा मानतो, आणि सर्वांत धोक्याचाही. कारण त्यातला भर 'अनुभवी' या विशेषणावर आहे, आणि अननुभवी पंचाच्या अनिर्बंध मुखत्यारीपेक्षा कोष्टक केव्हाही बरे.

अमेरिकेत टॉटन नामक ग्रंथकाराने 1880 साली 'स्ट्रॅटेगॉस' हा याच जातीचा ग्रंथ लिहिला. पाऊणशेहून अधिक वर्षांनी तो डेव्हिड वेझली या तरुणाला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गवसला, आणि खेळाडू जे करू म्हणेल ते पंचाने करू द्यावे, हा विचार त्याने तेथून उचलला. 1969 साली त्याने ब्राउनश्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन गाव रचून कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला विद्यार्थी. लढाई राहिली बाजूला, खेळाडू एकमेकांत कारस्थाने करू लागले. दोघांनी द्वंद्वयुद्ध पुकारले, त्याचा नियमच नव्हता, तो वेझलीला तेथल्या तेथे करावा लागला. आपला खेळ फसला असे समजून तो घरी गेला. खेळाडू मात्र पुन्हा केव्हा म्हणून विचारू लागले.

त्या मंडळीतल्याच डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सच्या साहाय्याने पुढे जे रचले, ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली तीन पुस्तिकांच्या पेटीत निघाले. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. वीस खेळाडूंमागे एक पंच असावा, असे त्यात सांगितले आहे; आज पाचसहा जणांना आवरताना घामाघूम होणाऱ्याने ते वाचून पाहावे. पंचाने भुयारांचे नकाशे आधी स्वतः काढावेत, ते कोणास दाखवू नयेत, आणि खेळाडूंनी त्याच्या तोंडून ऐकलेल्या वर्णनावरून आपला नकाशा आपण काढावा, अशी त्यातली रीत आहे. टेकडीआडचे पायदळ दीडशे वर्षांनी भुयारात उतरले, इतकेच. 'डंजन मास्टर' हे भारदस्त नाव त्या तीन पुस्तिकांत नाही, ते मागाहून आले. तेथे त्याला साधे पंच म्हटले आहे.