गावकुसाबाहेरची गिधाडे

गावात बैल मेला की त्याला गावकुसाबाहेर ओढून नेत, कातडे सोलून घेत आणि उरलेला देह माळावर टाकून देत. मग आभाळात ठिपके दिसू लागत, घिरट्या घालत गिधाडे उतरत आणि काही तासांत हाडांचा सापळा उरे. या रीतीत अन्याय होता. ढोर ओढण्याचे काम महारांवर जातीने लादलेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचे आवाहन केले, ते योग्यच होते. ती रीत परत यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र गुरे अमाप आणि त्यांचे मांस खाणारे थोडे, अशा या देशात गिधाडे लाखोंनी पोसली गेली ती अशा रीतींवरच. म्हणून गिधाडे वाचवण्यावर घेतला जाणारा ‘नामशेष होणे हा निसर्गक्रम आहे, माणसाने मध्ये पडू नये’ हा आक्षेप इथे टिकत नाही. माणूस आधीपासून मध्ये होताच.

गिधाडांचा ऱ्हासही आपल्याच हातून झाला. १९९०च्या दशकात गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास वापरात आले. हे औषध दिलेले ढोर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसे. शंभरातल्या एकाहूनही कमी ढोरांत हे विष असले तरी पुरे होते, कारण एका ढोरावर थवाच्या थवा उतरतो आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

गरीब देशाने पक्ष्यांवर पैसा का घालवावा, असेही विचारले जाते. पण गिधाडे नसल्याने ढोरे कुजत पडली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि रेबीजचा धोका वाढला, त्याची झळ गरिबालाच आधी लागते. शिवाय २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेव्हा बैलाला वेदनेत सोडलेले नव्हते. गिधाडांना न बाधणारे मेलोक्सिकॅम हाताशी होते. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास केली जाते, ती मात्र एकटी पुरणारी नाही. म्हणूनच गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि गिधाडांना घातक असलेल्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांवरची २०२३ची बंदी मोलाची. पिंजऱ्यातून सोडलेले गिधाड पुन्हा आपल्याच गोठ्यातल्या ढोरावर उतरणार आहे. त्या ढोराला शेवटचे इंजेक्शन कोणते द्यायचे, हे ठरवणारा माणूसच आहे.