आधी खेळणे उडाले

बालवर्गासाठी ‘विमान’ या विषयावर खेळ आणि हस्तकलेची संध्याकाळ ठरली, की यादी लगेच तयार होते: कागदी विमाने, भिरभिरी, रंगवायची चित्रे. मुलांचा वेळ मजेत जावा, एवढीच बहुधा अपेक्षा असते. विमान मोठ्यांनी शोधले आणि त्याची छोटी नक्कल मुलांच्या हाती आली, असे आपण गृहीत धरतो. इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. आधी खेळणे उडाले. माणसाला घेऊन उडणारे विमान नंतर आले.

१७८४ साली लोनुआ आणि बियाँव्हन्यू या दोघांनी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे एक खेळणे उडवून दाखवले. काठीच्या दोन टोकांना पिसांचे पंखे होते. धनुष्याच्या दोरीच्या पिळाने ते परस्परविरुद्ध दिशांना फिरत. १७९६ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी बुचांत पिसे खोचून तसेच खेळणे केले. पुढे १८०४ मध्ये त्यांनी काठीवर पतंग बसवला आणि मागे हलती शेपूट जोडली. पुढे पंख व मागे शेपूट ही विमानाची ओळखीची ठेवण त्यात दिसते.

यानंतरचे मोठे पाऊल आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाचे. दुखण्यामुळे त्याला नौदलात जाता आले नाही. तो उडत्या प्रतिकृतींकडे वळला. पंखा फिरवायला त्याने पिळलेले रबर वापरले. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचे अवघे १६ ग्रॅमचे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडाले. त्याची शेपूट पंखांच्या मानाने किंचित खाली कललेली होती. त्यामुळे नाक खाली गेले तरी विमान आपोआप सावरे. १८७६ मध्ये पेनोने दोन माणसांच्या विमानाचा आराखडा केला, पण पैसा देणारा कोणी भेटला नाही. १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले.

त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणे आणले होते. ते बूच, बांबू आणि कागदाचे होते, रबराच्या पिळावर उडणारे, पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले. विल्बर ११ वर्षांचा होता, ऑरव्हिल ७ वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले, तेव्हा मुलांनी तशीच नवी बनवली. ती उडाली. पण आकार वाढवावा तसे उडणे कमी होऊ लागले. लांबी दुप्पट केली, तर शक्ती आठपट लागते, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, असे दोघांनी १९०८ मध्ये लिहिले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी ऑरव्हिलने केलेले पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. अंतर सुमारे ३७ मीटर. पेनोच्या खेळण्याचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहावेत! फरक अंतराचा नव्हता. राइट बंधूंच्या यंत्रात माणूस होता, आणि तो ते वळवू शकत होता. वळवण्याची युक्तीही विल्बरला १८९९ मध्ये सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात पिळताना सुचली होती.

म्हणून त्या संध्याकाळी एक बदल करावा, असे आम्ही सुचवतो. ‘कोणाचे विमान सर्वांत लांब?’ एवढ्यावर थांबू नये. नाक खुपसून पडणाऱ्या कागदी विमानाच्या पंखांची मागची कड किंचित वर दुमडायला सांगावी. पेनोचा उपाय मुलांना डोळ्यांनी दिसेल. दुमड जास्त झाली तर काय होते, हेही त्यांनाच पाहू द्यावे. वरच्या वर्गातील मदतनीसांनी आठ सारखे ठोकळे रचून दुप्पट लांबी-रुंदी-उंचीचा एक ठोकळा करावा. त्याची एक बाजू चौपट भरते, वजन आठपट. मोठी खेळणी का उडेनात, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

आणि एखाद्याचे विमान फाटले, तर दुसरे तयार विमान हाती देण्याची घाई करू नये. कोरा कागद द्यावा. राइट बंधूंची सुरुवात मोडलेल्या खेळण्यापासूनच झाली होती.