मृगातल्या मेघाचा पहिला फोटो

मृग नक्षत्रातला तीन ताऱ्यांचा बाण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या थोडे दक्षिणेला, अंधाऱ्या रात्री, एक पुसट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला, स्वतःच्या उजेडाने चमकणारा वायूचा मेघ आहे. दुर्बिणीतून पाहून अनेकांनी त्याची चित्रे काढली. पंचाईत अशी, की दोघांची चित्रे क्वचितच जुळत. मेघ बदलतो आहे की काढणाऱ्याचा हात वेगळा, हे ठरवायचे कसे?

उत्तर शोधायला पुढे आले ते हौशी लोक. हेन्री ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्जला वडिलांच्या जागेत त्यांनी वेधशाळा बांधली होती. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची दुर्बिणीला फोटोची काच जोडून ती ५१ मिनिटे उघडी ठेवली. तेजोमेघाचा जगातला हा पहिला फोटो.

५१ मिनिटे! त्याआधीच्या काचा ओल्या असतानाच वापराव्या लागत. काही मिनिटांत वाळल्या की निकामी. जिलेटिनची कोरडी काच आली आणि तासभर थांबणे शक्य झाले. आपला डोळा पहिल्या मिनिटाचा प्रकाश दहाव्या मिनिटासाठी साठवत नाही. काच साठवते. मात्र तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांबरोबर अचूक सरकायला हवी. फिरवणारे घड्याळी यंत्र जरा अडखळले, की ताऱ्यांच्या रेघा झाल्याच.

लंडनजवळच्या ईलिंगला अँड्र्यू कॉमन नावाचे इंजिनिअर राहत. पोटापाण्याचा धंदा सांडपाण्याच्या व्यवस्थेचा, आणि घरच्या बागेत ३६ इंची आरशाची दुर्बीण! त्यांच्या १८८३ च्या फोटोत दुर्बिणीतूनही डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ड्रेपर हे पाहायला नव्हते. १८८२ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी, ते गेले होते.

गंमत म्हणजे त्या काचांना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळे. हायड्रोजनचा लाल उजेड, म्हणजे या मेघाचा खरा थाट, त्यांच्यावर उमटलाच नाही. आजच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यातही कंपनीने बसवलेली गाळणी त्यातला बराच अडवते. हौशी मंडळी ती बदलून घेतात, शहराच्या दिव्यांपासून लांब जातात आणि दोन-दोन मिनिटांचे पन्नास-शंभर फोटो काढून संगणकावर एकावर एक चढवतात. घड्याळी यंत्राच्या जागी मोटर आली आहे; ताऱ्यांच्या रेघा मात्र अजूनही अधूनमधून येतातच.