लॉकपिकिंगचा छंद: कुलूप जोरानं नाही, हलक्या हातानं उघडतं, ते कसं?

रीलमध्ये दोन बारीक सळया कुलपात सरकतात आणि काही सेकंदांत खट्कन कुलूप उघडतं. ते पाहून अनेकजण सेट मागवतात, तासभर झटापट करतात आणि कुलूप जागचं हलत नाही. अशा वेळी दोष बहुधा सळयांचा नसतो, हाताच्या जोराचा असतो.

कुलपाच्या आत काय चालतं?

लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात ज्याचं पेटंट घेतलं, ते पिन टंबलर कुलूप आज जगभर वापरलं जातं. त्यात स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधली फट एका रेषेत येते आणि आतला गोल भाग फिरतो.

पण पिनांची भोकं कधीच अगदी काटेकोर एका ओळीत नसतात. त्यामुळे तो भाग किंचित फिरवायचा प्रयत्न केला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती योग्य उंचीवर गेली की बारीकशी टिक जाणवते आणि मग दुसरी अडकते. पूर्ण छंद या एका उणिवेवर उभा आहे.

खरं काम दुसऱ्या हाताचं

सगळ्यांचं लक्ष पिना उचलणाऱ्या सळईकडे, म्हणजे पिककडे असतं. पण निकाल ठरवतो तो टेन्शन रेंच धरणारा हात. जोर जास्त झाला तर पिना कडक होतात, नेमकी कोणती अडकली आहे ते कळत नाही आणि एखादी गरजेपेक्षा वर जाऊन बसते. जोर कमी पडला तर बसलेल्या पिना पुन्हा खाली येतात.

रेंचवर एकाच बोटाचा मऊ भाग ठेवावा. नखाखालची त्वचा दाबाने पांढरी पडत असेल, तर जोर नक्कीच जास्त आहे.

पिक पेनसारखं धरावं आणि त्याच हाताची करंगळी कुलपाला टेकवावी. त्यामुळे हात स्थिर राहतो. हालचाल बोटांतून आणि मनगटातून यावी, कोपरातून नाही.

सराव कसा करावा?

• सुरुवात एक-दोन पिनांच्या सरावाच्या कुलपाने करावी, मग एकेक पिन वाढवावी.
• आधी फक्त स्पर्श ओळखावा. मोकळी पिन स्प्रिंगसारखी उसळते, अडकलेली कडक लागते आणि बसलेली किंचित डुगडुगते.
• पारदर्शक कुलूप रचना समजायला चांगलं. पण नजर तिथेच खिळते, म्हणून नंतर डोळे मिटून सराव करावा.
• कुलूप अडलं की जोर वाढवू नये. रेंच सोडून पहिल्यापासून सुरुवात करावी.
• हात दुखेपर्यंत बसू नये. थकलेला हात नकळत जोर लावतो.

आपल्याकडची अनेक जुनी कुलपं लिव्हर पद्धतीची असतात आणि त्यांचं तंत्र वेगळं. त्यामुळे शिकायला पिन टंबलरच घ्यावं.

दोन नियम मोडायचे नाहीत

जगभरचे छांदिष्ट दोन नियम पाळतात. कुलूप स्वतःचं असावं किंवा मालकाची परवानगी असावी, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्याला हात लावू नये. दुसरा नियम नवख्यांना जाचक वाटतो. पण घराच्या दारात सळईचा तुकडा मोडून अडकला, तर स्वतःचीच किल्लीही चालत नाही.

कायद्याची बाजूही आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत योग्य कारणाशिवाय घरफोडीची साधनं जवळ बाळगणं महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून हा सेट खिशात किंवा बाईकच्या डिकीत घेऊन फिरू नये. त्याची जागा घरातल्या टेबलावर, सरावाच्या कुलपाशेजारी.